माइनक्राफ्टमधलं दुर्मीळ सामान : कुठं सापडतं आणि कशाला लावायचं

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या लातूरच्या घरी भाचरं जमतात. कुणाची मी आत्या, कुणाची मावशी. बाहेर ऊन मी म्हणत असतं, म्हणून दुपारभर चार मोबाइल एकाच वायफायला जोडून आम्ही माइनक्राफ्टचं (ठोकळ्यांच्या जगात खणून, घडवून खेळायचा गेम) एकच जग मिळून खेळतो, तेही सर्व्हायव्हलमध्ये, म्हणजे सगळं सामान स्वतः मिळवायचं आणि जीव सांभाळायचा. "आत्या, हिरे सापडंनात", "मावशी, नेदराइट कसं बनवायचं" हे प्रश्न दर सुट्टीत येतात. आता शेजारची लेकरं विचारतात आणि त्यांचे आईवडीलही विचारतात. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे.

हिरे ११व्या पातळीवर मिळतात असं ऐकलं होतं. तिथं खणून थकलो, सापडंनात. कामून?

कारण ती माहिती जुन्या जगाची आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.१८ ही आवृत्ती आली आणि जमीन खाली उणे ६४ पर्यंत खोल झाली. त्याआधी तळ शून्यावर होता, तेव्हा ११ हा आकडा बरोबर होता. अजूनही कित्येक जुन्या व्हिडिओंत तोच सांगितलेला असतो.

आता हिरे १६ पासून खाली सुरू होतात आणि जितकं खाली जाल तितके वाढत जातात. सगळ्यात चांगली पातळी उणे ५९. त्याच्या खाली बेडरॉक लागतो आणि तो फुटत नाही.

आपल्याकडं विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण लागतो, आणि कुठल्या थरात काय मिळेल हे खणणाऱ्याला ठाऊक असतं. इथंही तसंच आहे. वर माती, मग करडा दगड, आणि शून्याच्या आसपास गडद रंगाचा डीपस्लेट सुरू होतो. डीपस्लेट फोडायला जास्त वेळ लागतो. टिकाव जड चालायला लागला की आपण योग्य थरात आलो असं समजा आणि वैतागून परत वर जाऊ नका. बहुतेक लेकरं नेमकी इथूनच परत फिरतात.

पातळी बघायची कशी, तर मोबाइलवर जगाच्या सेटिंगमध्ये कोऑर्डिनेट दाखवायचा पर्याय चालू करा. तीन आकडे दिसतील, त्यातला मधला म्हणजे उंची. कॉम्प्युटरवरच्या जावा आवृत्तीत एफ ३ दाबलं की तोच आकडा वाय म्हणून दिसतो.

सरळ खाली खणत गेलं तर लवकर पोचत नाही का?

पोचता, पण बरेचदा लाव्हात. उणे ५५ च्या खालच्या गुहा लाव्हानं भरलेल्या असतात. पायाखालचा ठोकळा फोडला आणि खाली गुहा निघाली, तर सावरायला क्षणही मिळत नाही.

आडासारखं सरळ उतरू नका, बारवेसारखं पायऱ्यांनी उतरा. परभणी जिल्ह्यातली वालूरची बारव ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथल्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत जातात. तसाच गोल जिना खणत उतरलात तर प्रत्येक पायरीवर पुढचा ठोकळा आधी दिसतो, वर यायची वाट तयार राहते आणि जागाही कमी लागते. माझी भाचरं आता नव्या जगात पहिलं काम हेच करतात आणि त्या जिन्याला बारवच म्हणतात.

सोबत पाण्याची बादली असू द्या. लाव्हावर पाणी ओतलं की त्याचा दगड होतो आणि अंगाला आग लागली तर पाण्यात उभं राहून विझते. फक्त नेदरमध्ये, म्हणजे खेळातल्या आगीच्या पाताळात, पाणी ओतताक्षणी वाफ होऊन जातं, तिथं बादलीच्या भरवशावर जाऊ नका.

गुहेत फिरून शोधावं की बोगदा काढावा?

लोखंड, तांबं, कोळसा हवा असेल तर गुहा बरी. हिऱ्यांसाठी मी बोगदाच काढते. हवेला लागून असलेल्या जागी हिरे कमी तयार होतात, म्हणून गुहेच्या भिंतीत जितके दिसतात त्याहून जास्त आत दडलेले असतात.

उणे ५९ वर दोन ठोकळे उंच आणि एक रुंद असा मुख्य बोगदा काढा. त्याच्या दोन्ही बाजूंना फाटे काढा आणि दोन फाट्यांमध्ये दोन ठोकळे जागा सोडा. मधला प्रत्येक ठोकळा कुठल्या ना कुठल्या फाट्यातून दिसतो. चारजण असाल तर सावडीनं करा, आज तुझा फाटा, उद्या माझा. एकट्यानं चार तास खणण्यापेक्षा चौघांनी एक तास खणलेलं मनालाही बरं वाटतं.

हिरा दिसला. लगेच फोडू का?

थांबा. आधी लोखंडाचा किंवा त्याहून वरचा पिकॅक्स, म्हणजे टिकाव, हातात आहे का ते बघा. दगडाच्या पिकॅक्सनं फोडलात तर ठोकळा जाईल आणि हाती काहीच येणार नाही.

मग त्या ठोकळ्याच्या आजूबाजूचे आणि खालचे ठोकळे काढून लाव्हा नाही याची खात्री करा. फुटलेला हिरा लाव्हात पडला तर जळून जातो. माझ्या हातून एकदा पाच हिरे असे गेले. त्या दिवशी शेजारी बसलेली सात वर्षांची भाची रडली होती, कारण ते तिच्या पहिल्या टिकावासाठी ठरलेले होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिले चार-पाच हिरे सोडले तर बाकीचे ठोकळे जागच्या जागी ठेवा. बाजूला एक मशाल लावा, आकडे वहीत लिहा. साध्या टिकावानं एका ठोकळ्यातून एकच हिरा मिळतो. फॉर्च्युन ३ हा मंत्र (वस्तूला लावायची जादू) लावलेल्या टिकावानं सरासरी दोनाहून थोडे जास्त मिळतात, कधी कधी चारही. थोडे दिवस धीर धरला तर तेवढ्याच खाणीतून दुप्पट माल निघतो. नाहीतर सिल्क टच हा मंत्र लावलेल्या टिकावानं अख्खा ठोकळा उचलून घरी आणा आणि फॉर्च्युन मिळाल्यावर फोडा.

पहिले हिरे कशात घालावेत? भाऊ म्हणतो तलवार, मी म्हणतो चिलखत.

दोन्ही नको. पहिले तीन टिकावात घाला. हिऱ्याच्या टिकावाशिवाय ऑब्सिडियन हा काळा कठीण दगड फुटत नाही आणि ऑब्सिडियनशिवाय पुढचे रस्ते बंद आहेत. पुढचे दोन एन्चांटिंग टेबलात, म्हणजे मंत्र लावायच्या टेबलात जातात. त्याला चार ऑब्सिडियन, दोन हिरे आणि एक पुस्तक लागतं. भोवती १५ बुकशेल्फ लावली की पूर्ण ताकदीचे मंत्र मिळतात आणि फॉर्च्युन तिथंच निघतो.

पूर्ण चिलखताला २४ हिरे लागतात. ते नंतर करा, आणि खरं सांगायचं तर ते खणून मिळवायची गरजही नाही. शेती करा. शेतकरी व्हिलेजर (खेळातल्या गावातला माणूस) २० गव्हाला, २२ गाजरांना किंवा २६ बटाट्यांना एक एमराल्ड, म्हणजे व्यवहाराचं हिरवं रत्न देतो. ते एमराल्ड घेऊन आर्मरर (चिलखतवाला) आणि टूलस्मिथ (अवजारवाला) यांच्याशी व्यवहार वाढवत नेला की वरच्या पातळीला ते मंत्र लावलेलं हिऱ्याचं चिलखत आणि हत्यारं विकायला लागतात. आमच्या घरात सगळ्यात आधी पूर्ण चिलखत घातलं ते खाणीत एकदाही न उतरलेल्या भाच्यानं. त्यानं नुसते बटाटे लावले होते.

लायब्रेरियन व्हिलेजरकडून मेंडिंगचं पुस्तकही मिळवा. त्याच्याशी एकही व्यवहार करायच्या आधी त्याचं लेक्टर्न (पुस्तक ठेवायचं स्टँड) फोडून परत ठेवलं की तो दुसरं पुस्तक दाखवतो. मेंडिंग दिसेपर्यंत हे करत राहायचं. मेंडिंग असेल तर हत्यार वापरता वापरता दुरुस्त होत राहतं, तेव्हा दुर्मीळ सामानाचं काही करायच्या आधी हे एक पुस्तक हवंच.

नेदराइट म्हणजे नक्की काय आणि त्याला एवढं सामान का लागतं?

नेदराइटचा खडक थेट मिळत नाही. नेदरमध्ये एन्शंट डेब्री नावाचा तपकिरी ठोकळा असतो. तो फर्नेसमध्ये भाजला की नेदराइट स्क्रॅप मिळतो. चार स्क्रॅप आणि सोन्याच्या चार विटा मिळून नेदराइटची एक वीट होते. ती वीट स्मिदिंग टेबलावर हिऱ्याच्या वस्तूला लावायची. नेदराइटची वस्तू नव्यानं घडवता येत नाही, आधी हिऱ्याची असावीच लागते. त्या वस्तूवरचे मंत्र मात्र जसेच्या तसे राहतात.

हिशोब मांडला तर चिलखताचे चार भाग, तलवार, टिकाव, कुऱ्हाड आणि फावडं अशा आठ वस्तूंना आठ विटा लागतात. म्हणजे ३२ डेब्री आणि सोन्याच्या ३२ विटा. एका सुट्टीत एकट्याला जड जातं.

बदल्यात काय मिळतं ते बघा. हिऱ्याचा टिकाव १,५६१ घाव चालतो, नेदराइटचा २,०३१. घाव बसला की मागं फेकलं जाणं कमी होतं. आणि ज्यासाठी मी हे सगळं करते ते म्हणजे नेदराइटची वस्तू लाव्हात जळत नाही. मेलात तरी ती तरंगत राहते.

डेब्री कुठं शोधू? तासन्‌तास फिरलो, एकही दिसला नाही.

फिरून दिसणारच नाही. तो हवेला उघडा पडलेला जवळपास नसतोच, चारही बाजूंनी खडकात गाडलेला असतो. नेदरमध्ये उंची १५ वर या आणि बोगदा काढा. बहुतेक डेब्री ८ ते २२ च्या पट्ट्यात आहे. फोडायला हिऱ्याचा टिकाव हवा.

टिकावानं खणणं हळू होतं. जास्त लोक पलंग वापरतात. नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की पलंग फुटतो आणि त्याचा स्फोट टीएनटीपेक्षा मोठा असतो. भोवतीचा नेदररॅक (नेदरमधला साधा दगड) उडून जातो, डेब्रीला मात्र स्फोटानं काही होत नाही, तो उघडा पडून समोर येतो. तीन लोकर आणि तीन फळ्यांत एक पलंग होतो, म्हणून मेंढ्या पाळल्या असतील तर हा सगळ्यात स्वस्त सुरुंग. पलंग आणि तुमच्यामध्ये एक ठोकळा ठेवायला विसरू नका. विसरलात तर मरून थेट घरी, तेही रिकाम्या हातानं.

स्फोटानंतर आग आणि कधी भिंतीमागचा लाव्हा बाहेर येतो. फायर रेझिस्टन्सचं औषध पिऊन जा. ते बनवायचं नसेल तर पिग्लिनला (नेदरमधल्या डुकरासारख्या प्राण्याला) सोनं दिलं की कधी कधी तेही देतात. पिग्लिनसमोर जाताना सोन्याचा एक तरी कपडा अंगावर ठेवा, नाहीतर ते दिसताक्षणी हल्ला करतात. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सोन्याची खाण फोडू नका.

सगळं आहे, तरी स्मिदिंग टेबल नेदराइट घेत नाही.

टेम्पलेट, म्हणजे साचा नसेल. जून २०२३ च्या १.२० पासून प्रत्येक वस्तूला एक नेदराइट अपग्रेड टेम्पलेट लागतो आणि तो वापरला की संपतो. मिळतो फक्त नेदरमधल्या बॅस्टियनच्या पडक्या किल्ल्यांत. किल्ल्यात खजिन्याची खोली असेल तर तिथं तो नक्की असतो, इतर प्रकारच्या किल्ल्यांत नशिबावर.

एक मिळाला की तोच वापरून टाकू नका, ही चूक बहुतेक जण करतात. आधी त्याची नक्कल करा. एक टेम्पलेट, सात हिरे आणि एक नेदररॅक दिला की दोन टेम्पलेट होतात. पेरायचं बियाणं खाऊन टाकत नाहीत, तसा एक टेम्पलेट कायम चेस्टमध्ये राखून ठेवायचा. फॉर्च्युनसाठी हिरे जागेवर ठेवा असं मी वर का म्हटलं, ते इथं कळेल. आठ वस्तूंसाठी नक्कल करायलाच छप्पन्न हिरे जातात.

माझ्याकडं हिऱ्यांनी भरलेली चेस्ट आहे. वापरावंसं वाटत नाही, संपले तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर मी मनापासून देते : वापरा. मी पाहिलंय, लेकरं साठ-साठ हिरे साठवून लोखंडाच्या टिकावानं खणत राहतात आणि लोखंडाचं चिलखत घालून नेदरमध्ये जाऊन मरतात. चेस्टमधल्या हिऱ्यानं कुणाचा जीव वाचत नाही. हिऱ्याच्या टिकावाला फॉर्च्युन लावला की तो स्वतःची किंमत पहिल्याच फेरीत परत करतो. राखून ठेवायच्या गोष्टी दोनच, एक टेम्पलेट आणि टिकाव गेला तर नवा करण्यापुरते तीन हिरे.

मेलो आणि सामान गेलं. परत मिळतं का?

जिथं मेलात तिथं सामान पाच मिनिटं पडून राहतं. ही पाच मिनिटं तुम्ही किंवा दुसरं कुणी त्या जागेजवळ असतानाच मोजली जातात. तुम्ही लांब घरी उठलात आणि तिकडं कुणीच नसेल तर घड्याळ थांबलेलं असतं, म्हणून घाबरून धावू नका. जेवण घ्या, साधं चिलखत घाला, मग निघा. एकाच जगात मिळून खेळताना मात्र मित्र तिथं उभा असेल तर वेळ चालू राहते. त्याला सामान उचलून ठेवायला सांगा.

मेल्याची जागा दाखवणारा रिकव्हरी कंपासही असतो. त्याला एक साधा कंपास आणि आठ इको शार्ड लागतात. ते शार्ड फक्त जमिनीखालच्या एन्शंट सिटीतल्या पेट्यांत मिळतात, उणे ५१ च्या आसपास. तिथं आवाज केला की किंचाळणारे ठोकळे जागे होतात, आणि चौथ्या वेळी वॉर्डन नावाचा राक्षस येतो. त्याच्याशी लढू नका, त्याचं आयुष्य ५०० आहे आणि मारून हाती काही मोठं लागत नाही. वाकून चाला, पायाखाली लोकर अंथरा, लोकर आवाज गिळते.

जांभळे स्फटिक सापडले. सगळे फोडून आणले, पण पुन्हा उगवंनात.

मूळच फोडलं असणार. भिंतीवर जे ठोकळे फुलीच्या नक्षीचे दिसतात त्यांना बडिंग अ‍ॅमेथिस्ट म्हणतात. स्फटिक त्यांच्यावर उगवतात. हे ठोकळे सिल्क टचनंही उचलता येत नाहीत, फोडले की कायमचे गेले. त्यांना हात लावू नका आणि स्फटिक पूर्ण वाढल्यावरच तोडा. पूर्ण वाढलेल्यातून चार तुकडे मिळतात.

मला या खेळातली ही जागा सगळ्यात जवळची वाटते. बाहेर गुळगुळीत बेसॉल्टचं कवच, आत कॅल्साइटचा पांढरा थर आणि त्याच्या आत स्फटिक. आपल्या मराठवाड्याखालचा दगडही बेसॉल्टच. त्याच्या पोकळ्यांतही गारगोट्या, कॅल्साइट आणि झिओलाइटचे स्फटिक सापडतात. विहिरीच्या कामातून निघालेल्या दगडात चमकणारी पोकळी कुणी पाहिली असेल, तर या गेममधली गुहा ओळखीची वाटेल.

बियाण्याचा नंबर टाकून नकाशा बघणं ही फसवणूक आहे का?

तुमच्या जगाचा सीड (ज्या नंबरावरून जग तयार होतं तो) टाकून सगळं दाखवणाऱ्या साइट आहेत. एकटे खेळत असाल तर तुमची मर्जी. मिळून खेळत असाल तर आधी सगळ्यांना विचारा, कारण एकानं नकाशा बघितला की बाकीच्यांच्या शोधण्यातली गंमत जाते. आमच्या घरात किल्ले शोधायला चालतं, हिऱ्यांना चालत नाही.

व्हिडिओतला सीड वापरताना एक लक्षात ठेवा. मोबाइलवरची बेडरॉक आवृत्ती आणि कॉम्प्युटरवरची जावा यांत डोंगर-नद्या सारख्या येतात, पण गावं, किल्ले, पडकी शहरं वेगळ्या जागी असतात. व्हिडिओवाला जावावर खेळत असेल तर त्यानं दाखवलेला किल्ला तुमच्या मोबाइलवर तिथं नसेल.

पोरगा म्हणतो डायमंड विकत घ्यायचेत, पैसे द्या. देऊ का? (हा प्रश्न आईवडिलांचा)

देऊ नका. माइनक्राफ्टच्या सर्व्हायव्हलमधला हिरा खणून, सापडलेल्या पेट्यांतून नाहीतर खेळणाऱ्यांमधल्या अदलाबदलीतून मिळतो. पैसे देऊन मिळतात ते पोशाख, तयार जगं वगैरे. दुसऱ्या काही गेममध्ये डायमंड नावाचं चलन पैशांनी घेतात, त्यावरून हा गोंधळ होतो. "फुकट डायमंड" देणारी अ‍ॅप आणि लिंक आली तर उघडू नका, आणि ओटीपी तर कुणालाच सांगू नका.

समुद्राचं हृदय मिळालं. याचं काय करायचं?

जपून ठेवा, चांगली गोष्ट मिळाली आहे. बुडालेल्या जहाजांत मिळणाऱ्या नकाशावरून पुरलेली पेटी शोधली की त्यात ते हमखास असतं. त्याच्याभोवती आठ नॉटिलस शिंपले लावले की काँड्युइट होतो. शिंपले मासेमारीत कधी मिळतात, ज्या ड्राउंडच्या (पाण्यातल्या भुताच्या) हातात दिसतो त्याला मारून मिळतात, किंवा फिरस्त्या व्यापाऱ्याकडून पाच एमराल्डला एक.

काँड्युइटजवळ पाण्याखाली श्वास चालतो आणि लख्ख दिसतं. आमच्या भाचरांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पैठणचा नाथसागर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा त्यांच्यातला मोठा पहिलीत होता. त्यानंच गेल्या सुट्टीत हट्ट धरला की आपलं घर पाण्याखाली हवं. महिनाभर शिंपले गोळा करून ते झालं.

काँड्युइट पाण्यातच लावायचा, चारही बाजूंनी पाणी हवं. भोवती प्रिझमरीनची (समुद्रातल्या हिरवट-निळ्या दगडाची) चौकट करा. १६ ठोकळ्यांना तो चालू होतो आणि ३२ ठोकळ्यांच्या घेऱ्यात काम करतो. ४२ ठोकळ्यांची पूर्ण चौकट केली की घेरा ९६ होतो, आणि जवळ येणाऱ्या ड्राउंडवर तो स्वतःच मारा करतो.